पाचवा दिवस

३ फेब्रुवारी, मंगळवार

सातव्या वॉर्डच्या छताचं प्लास्टर काल कोसळलं. खालची खाट रिकामी होती म्हणून निभावलं! पण शिक्षा मला. तिथले चार जवान आजपासून माझ्याकडे, मुलांच्या वॉर्डच्या मागच्या अर्ध्या भागात. मध्ये फळ्यांचं पार्टिशन आणि एक दार, जे नीट लागत नाही. चौघेही गांजा सोडायला दाखल झालेत. तपासणीत सापडले, वरून हुकूम आला, काल सोमवारी भरती.

मेट्रनला म्हटलं, मी मुलांची नर्स. म्हणाली, ‘म्हणूनच! तुम्हाला रडारडीची सवय आहे.’

मला ह्या लोकांचं वावडं आहे. का, ते इथे लिहायची गरज नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दीड वर्षाचं बाळ आलं. खोकला थेट कुत्रा भुंकल्यासारखा, आई अर्धमेली. औषधाचा एक डोस, मास्कमधून वाफ, आणि दुपारी बाळ कडेवरून माझी टोपी ओढतंय. नव्या नर्सला सांगितलं — भुंकणाऱ्याला आपण बहुतेक वेळा सावरतो. घाबरायचं ते गप्प बसलेल्या मुलाला.

पलीकडे मात्र सगळा तमाशा. एकजण ट्रक चालवतो, अंगाने नुसता उंच — मावशींनी पहिल्याच दिवशी त्याचं ‘उंट’ नाव ठेवलं. (मावशी इथे सतरा वर्षं झाडू-फरशी करतात. नावं ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.) चहा गोड नाही म्हणून उंटाने कप भिंतीवर फोडला. थंडीत शर्ट घामाने चिंब. जेवण तसंच परत. रात्रपाळीच्या वहीत त्याच्या नावापुढे — झोप: नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘ह्यावर जादूची गोळी नाही. पाणी, अंघोळ, चालणं, थोडे दिवस झोपेचं औषध. आणि त्यांची चिडचिड अंगाला लावून न घेणारं माणूस. पहिला आठवडा वाईट. मग उतरतं हळूहळू.’

मी मान हलवली. घरी येऊन उभ्याउभ्याच जेवले. एका ताटासाठी टेबल कशाला पुसायचं?

५ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर बोलले. कामाचं. इंजेक्शन, ताप, सही करा. स्वतःचं एक वाक्य नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं सगळं लिहिते.

दुपारचे दोन वाजून गेले होते. क्वार्टर्समधून एक बाई मुलीला उचलून धावत आली. मुलगी साडेचार वर्षांची. एकशेचार ताप. खोकला नाही, रडणं नाही. पुढे वाकून, हनुवटी वर काढून बसलेली. तोंड उघडं, लाळ गळतेय — गिळता येत नव्हती. श्वास आत घेताना बारीक शिट्टी. मी तशीच डॉक्टरीणबाईंना बोलवायला धावले. गप्प मूल!

डॉक्टरीणबाई दारातच थांबल्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, ‘कोणी घसा बघायचा नाही. आडवं करायचं नाही. सुई नाही. जशी बसलीय तशीच बसू दे.’ श्वासनळीवरचं झाकण सुजलं होतं. मुलगी रडली, दचकली तर वाट पुरती बंद. भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलात — यायला अर्धा तास तरी. तोवर तिला शांत ठेवायचं. एवढाच उपचार!

आईला ते जमेना. बिचारी तोंडात पदर कोंबून हुंदके देत होती. आईकडे बघून मुलीचा ओठ थरथरायला लागला, शिट्टी वाढली.

तेवढ्यात पार्टिशनचं दार उघडलं. उंट.

‘मुंगे?’

मला कळेचना. मग कळलं — त्याची मुलगी. त्याची बायको. बायको त्याला भेटायला एकदाही आली नव्हती.

ती दबक्या आवाजात फिस्कारली, ‘हात लावायचा नाही तिला! अवतार बघ स्वतःचा!’ अवतार होताच. दाढी वाढलेली, डोळे लाल, बोटं लटलट कापतायत. पण मुलीने दोन्ही हात पुढे केले.

मी म्हटलं, ‘बाई, हा माणूस परवा कप —’

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग त्याला म्हणाल्या, ‘बसा. मांडीवर घ्या, सरळ. रडू द्यायचं नाही. जमेल?’

तो बसला. चार दिवस तो माणूस एका जागी दोन मिनिटं टिकला नव्हता. त्याचा गुडघा उडत होता. दोन्ही टाचा त्याने फरशीवर अशा दाबल्या की पायाच्या शिरा फुगल्या. गुडघा थांबला. मुलीची पाठ छातीला लावून तिच्या कानाशी बोलायला लागला —

‘मुंगे, आपण ट्रकमध्ये बसलोय. पहिला गिअर. हळू... चढ आहे. घाई नाही. पुढे वळण आलं... हॉर्न नाही हं वाजवायचा, डोंगर झोपलाय...’

मी ऑक्सिजनची नळी तिच्या नाकापासून थोडी लांब धरून उकिडवी बसले. त्याच्या कपाळाचा घाम माझ्या मनगटावर पडत होता. त्याने तो पुसायलासुद्धा हात उचलला नाही. सदतीस मिनिटं! मी घड्याळ बघत होते. त्याने तो ट्रक एकदाही दुसऱ्या गिअरमध्ये टाकला नाही.

भूलवाले डॉक्टर आले. व्हीलचेअरवर तो, मांडीवर ती, तसेच दोघं ऑपरेशन थिएटरपर्यंत. आत गळ्याला छेद द्यायची तयारी ठेवून सर्जन उभे. गरज पडली नाही, पहिल्या झटक्यात श्वासाची नळी बसली.

दार बंद झालं आणि उंट भिंतीला धरून खाली बसला, भडाभडा ओकला. मी भांडं धरलं. त्याची बायको समोर उभी होती. तिने जवळचा पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

वहीत नोंद करताना लक्षात आलं — त्याचा आज पाचवा दिवस.

७ फेब्रुवारी, शनिवार

लिहूनच टाकते. वाचणार कोण आहे!

माझा धाकटा भाऊ. त्यालाही फौजेतून गांजासाठीच काढलं. अकरा वर्षं झाली. आई नुकतीच गेली होती, तो माझ्याकडे आला. झोपायचा नाही. ताटावरून उठायचा. घामाने चादरी ओल्या. मी काही विचारलं की अंगावर धावून यायचा. मला वाटलं, हा असाच झाला. वाया गेला. मी नर्स, आणि मला एवढं कळू नये? त्याने सोडला होता गांजा! माझ्या घरात येऊन सोडत होता, सांगायची लाज वाटत असणार. आणि मी त्याची पिशवी दाराबाहेर ठेवली.

पाचव्या दिवशी.

म्हणाला होता, ‘ताई, आजचा दिवस राहू दे.’ मी कडी लावली.

८ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. दिवसभर तोंडातून शब्द नाही. संध्याकाळी दूधवाल्याला ‘उद्या नको’ म्हणायला गेले तर आवाजच फुटेना. खाकरावं लागलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

मुंगीची नळी निघाली! तीन दिवस शिरेतून औषध चाललं, सूज उतरली. पहिला शब्द घोगरा, म्हाताऱ्यासारखा — ‘पाणी.’ मावशी पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, ‘आवाज बघा कसा, हवालदार नुसती!’

आईला विचारलं, लसी? एक राहिली होती, नेमकी ह्याच आजाराची. सारख्या बदल्या, कुठेतरी कार्ड हरवलं. तिला बोलणार होते, पण तिचा चेहरा बघून गिळलं. तारीख लिहून दिली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

उंट काल पाच तास झोपला. जेवतो. वाईट स्वप्नं पडतात म्हणाला, पण पडतात म्हणजे झोप तरी लागते. कप फोडल्याची माफी मागितली. म्हटलं, मुलांच्या वॉर्डात रोज काहीतरी फुटतं.

मग न राहवून विचारलं, ‘बायकोने घराबाहेर काढलं असतं तर, राग आला असता?’

म्हणाला, ‘काढलंच होतं की, सिस्टर. दोनदा. राग कसला? मीसुद्धा काढलं असतं मला.’ मग चादर सारखी करत, ‘फक्त ती परत बोलावेल की नाही, ते कळत नसतं. तेवढंच खातं माणसाला.’

मला तिथून उठावं लागलं. स्टोअरमध्ये जाऊन उगाच गॉजच्या घड्या मोजल्या.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मुंगी घरी गेली. बाप तिला फाटकापर्यंत सोडून परत आला — त्याचा अजून एक आठवडा आहे. बायको म्हणाली, ‘रविवारी येते डबा घेऊन.’ एवढंच. पण तो पार्टिशनच्या आत जाऊन खाटेवर उलटा पडून राहिला आणि बाकीच्या तिघांनी रेडिओ बंद केला.

घरी आल्यावर मामेबहिणीला फोन केला. ती सगळ्या नातेवाइकांची खबर ठेवते. भावाचा नंबर मागितला. म्हणाली, ‘अकरा वर्षांनी जाग आली का गं?’ मी ऐकून घेतलं. नंबर दिला. तो कसा आहे विचारलं तर म्हणाली, ‘मी का सांगू? तूच विचार.’

नंबर लिहून समोर ठेवलाय. काय बोलायचं? ‘चुकलं’ म्हणायला अकरा वर्षं लागतात?

१५ फेब्रुवारी, रविवार

लावला. एका लहान मुलीने उचलला.

‘बाबा अंघोळीला गेलेत. कोण बोलतंय?’

पुन्हा खाकरले. कसंबसं म्हटलं, ‘आत्या.’

पोरगी म्हणाली, ‘ती — लहान मुलांना बरं करणारी?’