मातीचा पातळ हात

पेरुजा, मंगळवार

प्रिय बाबांना नेल्लाचा नमस्कार.

मी बरी आहे. परांचीवर उभं राहून गुडघे तेवढे दुखतात. तुमचा खोकला कसा आहे? चुलीजवळच झोपता ना?

एक गोष्ट तुम्हाला मुद्दामच कळवली नव्हती. तरुणपणी तुम्ही ज्या चर्चच्या भिंतीला चुना दिलात, तिथलंच जुनं चित्र मोकळं करायचं काम मला मिळालंय. चर्चची देखभाल करणारा म्हातारा उबाल्दो पहिल्याच दिवशी म्हणाला, "बापाने झाकलं, आता लेक खरवडणार. चांगलं चाललंय तुमच्या घराण्याचं." मी कामाला लागले. संताचं अंग उघडं दिसतं म्हणून फादरांनी तुम्हाला ते झाकायला लावलं, आणि नंतर तुम्ही या शहराचं नावही काढलं नाहीत, हे त्याला काय ठाऊक?

काल पहिला पापुद्रा निघाला. चुना रंगाला चिकटलाच नव्हता. मध्ये मातीचा पातळ हात होता, अगदी हळुवार दिलेला. ओल्या स्पंजाने माती निघाली आणि संताचा खांदा आत्ताच रंगवल्यासारखा समोर आला. उबाल्दोने टोपी काढली.

बाबा, फादरांच्या नकळत तो हात तुम्हीच दिलात ना?

थंडी सरली की या. चेहरा मी अजून उघडलेला नाही.

तुमची,
नेल्ला