हॅव, हॅज आणि ह्यांचं नाव

१२ ऑगस्ट १९९४, सणसर
दहावीचं इंग्रजी तेवढं राहिलंय. गावात बालवाडीला बाई पाहिजे, दहावी पास. दिवाळीनंतर नेमणार म्हणे. ही जागा सोडायची न्हाय! ऑक्टोबरला बसणारच. आजपासनं बारामतीत शेख मॅडमकडं शिकवणी. एस.टी.त उभीच.

१९ ऑगस्ट
आय हॅव, यू हॅव, ही हॅज, शी हॅज. भाकरी थापताना घोकत होते. सासूबाई म्हणाल्या, "म्हशीला काय लावायचं?"
"हॅज, आत्या."
"न् मला?"
"तुमालाबी हॅज."
"म्हंजी मी न् म्हस एकच व्हय गं?"
हसता हसता भाकरी करपली.

२६ ऑगस्ट
फजिती! मॅडम म्हणाल्या, घरच्यांची नावं घेऊन हॅजची वाक्यं बोला. नणंदेचं झालं. "आता मिस्टरांचं." तोंडाला कुलूप. ह्यांचं नाव असं कोरडं कसं घ्यायचं, एवढ्या पोरींपुढं? मॅडमना वाटलं, पाठच न्हाय. "अशानं परीक्षेला बसू नका." एस.टी.त रडू आलं. रागबी आला, माझाच मला.

२७ ऑगस्ट
सासूबाईंना सांगितलं. "अगं, उखाण्यात घे की! तितं कोण अडवतंय?" व्हय की! दिवसभर खुरपताना जुळवत होते. ह्यांनी विचारलं, "काय पुटपुटतीस?" म्हटलं, "तुमचंच."

२ सप्टेंबर
उभी राहिले, पदर सावरला न् घेतलं:
"सणसरच्या शिवारात ऊस उभा ताठ,
सुरेशराव हॅज अ ट्रॅक्टर, झालं माझं पाठ!"
पोरींनी टाळ्या पिटल्या. मॅडमना हसू आवरेना. म्हणाल्या, "बसा परीक्षेला. आणि आमच्या ह्यांचंही नाव असंच बसवून द्या!"

१८ ऑक्टोबर
इंदापूरला पेपर झाला. हॅव-हॅज चोख. निबंध मात्र अर्धा, तेवढ्यात घंटा. धाकधूक हाय. ह्यांनी स्टँडवर भजी चारली. "झालं ते झालं. खा."

१५ नोव्हेंबर
निकाल न्हायच अजून. सकाळी अंगण झाडत होते, तर खालच्या आळीची पारू लेकीला कडेवर घेऊन आली. "बाई, हिला बसवून घ्या. मी खुरपायला चालले."
मी मागं वळून बघितलं, कोण बाई? मलाच म्हणत होती!
"अगं पारू, निकाल लागायचाय माझा."
"लागंल की. तवर बसू द्या." गेलीसुदीक.
पोरगी माझा पदर धरून उभी. जीव हरखला न् धास्तावलाबी. नापास झाले तर हिला काय सांगू?
घेतलं बसवून.