दहा टक्क्यांचा नियम आणि नऊ मुक्काम

प्रति,
मा. निर्धारण अधिकारी,
बाल-संगोपन खर्च विभाग,
दुसरा मजला, खिडकी क्र. ४ (ती बंद असल्यास खिडकी क्र. ६, तीही बंद असल्यास जेवणाच्या सुट्टीनंतर)

अर्जदार : फ्रीज व एसी दुरुस्तीवाला, वय ४१, एका कन्येचा बाप

विषय : मुलीच्या संगोपन-खर्चाचा हिशेब तीन महिन्यांवर न करता पूर्ण वर्षावर करणेबाबत व अर्जदारास ‘भेटीचा पालक’ न ठरवणेबाबत.

संदर्भ : १) ३१ तारखेस अंतिम निर्णय घेणार असल्याचे आपले पत्र. २) माझे यापूर्वीचे सतरा अर्ज. ३) मुलीच्या आईचे पंधरा अर्ज. ४) आपल्या शिपायांनी जिन्यात दिलेला तोंडी सल्ला.

महोदय,

सतरा अर्ज ज्या खिडकीतून आत सरकवले, तिच्यातूनच हा अठरावा सरकवत आहे. मागच्या अर्जांत मी थोडक्यात लिहिले, म्हणून घोळ झाला असे खिडकीवरील लिपिकांचे म्हणणे पडले. सबब या वेळी सविस्तर लिहितो. वाचताना कंटाळा आल्यास त्याची जबाबदारी लिपिकांची.

१. मी व मुलीची आई पावणेदोन वर्षांपूर्वी रीतसर वेगळे झालो. कन्या नऊ वर्षांची आहे. तिच्या खर्चाबाबत आपल्या कार्यालयाने घालून दिलेला नियम मला तोंडपाठ आहे, तो असा : दोघांचे मागील तीन महिन्यांचे उत्पन्न पाहावे, मुलीचा खर्च त्या प्रमाणात दोघांत वाटावा, तिचे कोणाकडे किती मुक्काम झाले तेही मोजावे, आणि कोणाचेही उत्पन्न दहा टक्क्यांनी वर-खाली झाले तर पंधरा दिवसांत कळवावे. नियम चांगला आहे. ज्याचा पगार दर महिन्याला ठरलेल्या तारखेला होतो, अशा माणसाने तो केला असावा.

२. माझा धंदा फ्रीज-एसीचा. उन्हाळ्यात मला जेवायला फुरसत नसते आणि हिवाळ्यात गिऱ्हाईक नसते. मुलीच्या आईची लाँड्री आहे. ब्लँकेट, रजया, लोकरीचे कपडे. तिचे नेमके उलट. भर उन्हात ब्लँकेट कोण धुवायला टाकणार? लग्नात ही सोय होती. एकाचा हंगाम संपला की दुसऱ्याचा सुरू व्हायचा, घर बारा महिने चालायचे. वेगळे झाल्यावर तीच सोय आमच्या मुळावर आली. आपल्या कार्यालयाने आमचे उत्पन्न मोजले उन्हाळ्यात, आणि आदेश हाती पडला डिसेंबरात. म्हणजे उन्हाळ्याच्या कमाईचा वाटा मी हिवाळ्याच्या गल्ल्यातून भरू लागलो. त्या महिन्यात दुकानात एकूण तीन माणसे आली. त्यांपैकी एक पत्ता विचारायला आला होता.

नियमाप्रमाणे मी कळवले. तिनेही कळवले. त्यावर हिवाळ्याचा हिशेब होऊन नवा आदेश आला, तो पुढच्या मे महिन्यात. आता मी नोटा मोजत होतो आणि माझा वाटा होता जेमतेम वह्या-पुस्तकांपुरता. तिकडे लाँड्रीत माश्या मारायलाही माणूस नव्हते. सांगण्याचा मतलब, आपला आदेश बरोबर असतो, फक्त तो दुसऱ्या ऋतूचा असतो.

३. मधल्या काळातील पट्टा-प्रकरण आपल्या फाइलमध्ये अकरा पानांवर पसरले आहे, ते येथे एका परिच्छेदात बसवतो. गेल्या वर्षी जानेवारीत, ऐन हंगामात, लाँड्रीच्या ड्रायरचा पट्टा तुटला. एका वसतिगृहाची चाळीस ब्लँकेटे ओली पडली होती. आमच्या सौ.नी (हा शब्द जुन्या सवयीने आला, कृपया ‘मुलीच्या आईने’ असे वाचावे) मला फोन केला, मी गेलो आणि दोन तासांत पट्टा बदलला. पैसे नकोत म्हणालो. ती म्हणाली, “उपकार नकोत, बिल दे.” मी आठशेचे बिल दिले. त्या महिन्यात माझी कमाई सहा हजार. आठशे म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. मी कळवले.

एरवी सहा महिने लावणाऱ्या आपल्या कार्यालयाने हा हिशेब आठ दिवसांत केला. हिशेबनीस बाईंनी असे धरले की पट्टा दरमहा तुटेल. त्याप्रमाणे माझा वाटा महिना साडेतीनशेने वाढला. पट्टा काही पुन्हा तुटला नाही. मी बसवलेला पट्टा असा महिन्याला तुटत नाही, हे मी त्यांना लेखी दिले. दोन महिन्यांनी त्यांना पटले आणि जादा घेतलेले सातशे मला परत मिळाले. परत मिळालेली रक्कम ‘इतर प्राप्ती’ या रकान्यात गेली. सातशे म्हणजे पुन्हा दहा टक्क्यांच्या वर. मी कळवले. वाटा पुन्हा वाढला. दरम्यान ड्रायर सुरू झाल्यामुळे तिचे उत्पन्न बारा टक्क्यांनी वाढले होते, ते तिने कळवले. माझा वाटा पुन्हा उतरला आणि पुन्हा परतावा निघाला. पट्टा ड्रायरचा बदलला, पण तेव्हापासून गरगर फिरते आहे ती फाइल.

४. मे महिन्यात लाँड्रीची अवस्था पाहून मी ठरलेल्या वाट्यावर दोन हजार जास्त नेऊन दिले. ती म्हणाली, “ठेव तुझ्याकडे, मी मागितले नव्हते.” मी म्हणालो, “तुला नाही, पोरीला आहेत.” तेव्हा तिने ते घेतले आणि दुसऱ्या दिवशी येथे येऊन आपले उत्पन्न वाढल्याचे कळवले. तिचे उत्पन्न वाढले म्हणून आपण माझा वाटा कमी केला. साहेब, मी पैसे दिले म्हणून मला कमी द्यावे लागले. मी ही गोष्ट दुकानात मदतनिसाला समजावून सांगितली तर तो म्हणाला, “शेट, तुम्ही जरा पडा.”

५. आपल्या पत्रात आम्हा दोघांवर ‘वारंवार माहिती देऊन कार्यालयास त्रास दिल्याचा’ ठपका आहे. खिडकीवरील लिपिकांनी तर स्पष्टच विचारले, की येथे लोक कमाई लपवायला येतात, तुम्ही दोघे दाखवायला येता, नक्की भानगड काय आहे. भानगड काहीही नाही. तिचा स्वभाव असा की कोणाचे मिंधे राहायचे नाही. माझा स्वभाव असा की कोणाचे ठेवून घ्यायचे नाही. हे दोन स्वभाव एका घरात राहू शकले नाहीत, पण आपल्या फाइलमध्ये गुण्यागोविंदाने राहतात. खिडकीपाशी दोरीला बांधलेले पेन एकच आहे, त्यामुळे आम्ही बाकावर शेजारी बसून आळीपाळीने अर्ज भरतो. तिचे अक्षर चांगले आहे, म्हणून माझ्या सतरापैकी सहा अर्ज तिनेच लिहिले आहेत. ते पाहून लिपिक म्हणाले, “इतके जमते तर वेगळे कशाला झालात?” त्यांना एवढेच कळवावे, की बाकावर जमते आणि घरात जमत नाही, अशी माणसे असतात.

शिपायांचा सल्ला असा, की वर्षभर काही कळवूच नका, आपोआप मिटेल. सल्ला शहाणपणाचा आहे. आम्हाला तो जमला नाही.

६. आता मुद्द्याचे. आपण ३१ तारखेस ‘शेवटच्या वादरहित तीन महिन्यांवरून’ कायमचा निर्णय देणार आहात. ते तीन महिने म्हणजे एप्रिल, मे, जून. पैशांबद्दल मी तक्रार करत नाही. उन्हाळ्याचा वाटा बारा महिने लावलात तर भरेन. हिवाळ्यात दुकानाचे शटर ओढून कोणाकडे नोकरी धरेन. पण त्या तीन महिन्यांत कन्येचे माझ्याकडील मुक्काम फक्त चार आहेत. त्यावरून वर्षाचे सोळा निघतात. आणि शंभरच्या आत मुक्काम असलेला बाप आपल्या नियमात ‘सहपालक’ राहत नाही, ‘भेटीचा पालक’ होतो. भेटीच्या पालकाला दर दुसऱ्या रविवारी दोन तास, तेही आपल्या तळमजल्यावरील भेट-कक्षात. मी तो कक्ष पाहिला आहे. तेथे एक टेबल, चार खुर्च्या आणि एक बंद पडलेला वॉटर कूलर आहे. कूलर मी फुकट दुरुस्त करून देईन, पण मला तेथे बसवू नका.

७. उन्हाळ्यात ती माझ्याकडे का नसते, तर मी लोकांच्या गच्च्यांवर एसीच्या पेट्या उघडून बसलेला असतो. पोर दुकानामागच्या खोलीत एकटी कशी ठेवू? तेव्हा तिची आई मोकळी असते. हिवाळ्यात आई लाँड्रीत वाफेत उभी आणि मी रिकामा. तेव्हा कन्या माझ्याकडे. फ्रीजचा एक जुना दरवाजा दोन स्टुलांवर टाकून मी तिला टेबल करून दिले आहे. दरवाज्यातल्या अंड्यांच्या खाचांत ती खोडरबर ठेवते. ही वाटणी कोणत्या कार्यालयाने केली नाही, वकिलांनी केली नाही. वेगळे झालो त्याच आठवड्यात कन्येने स्वतः सांगितले, “ज्याला काम नसेल त्याच्याकडे मी.” आम्हा दोघांना इतकी वर्षे भांडून जे सुचले नाही, ते तिने एका वाक्यात सांगितले.

आपले तपासनीस माझ्या खोलीवर आले, तेही मे महिन्यातच. त्यांच्या अहवालात ‘मुलीच्या वास्तव्याच्या खुणा : लहान मापाची चप्पल, नग अर्धा’ असे आहे. चपलेचा दुसरा पाय पलंगाखाली होता. त्यांना वाकायला सांगणे बरे दिसले नाही.

८. गेल्या वर्षाचा संपूर्ण हिशेब आमच्याकडे आहे. तो कन्येनेच एका वहीत ठेवला आहे, रोज एक चौकोन. माझ्याकडे असेल तर फ्रीज काढते, आईकडे असेल तर इस्त्री. जानेवारी ते डिसेंबर मोजले : फ्रीज १३९, इस्त्री २१७. बेरीज ३५६. आपल्या हिशेबनीस बाई लगेच म्हणतील की नऊ दिवस कमी आहेत, आणि त्या म्हणतील ते बरोबर आहे. ऑगस्टातल्या त्या नऊ चौकोनांत तिने फ्रीजही काढला आहे आणि इस्त्रीही. कन्येचे अपेंडिक्स फुटले होते. ती दवाखान्यात होती आणि तिच्या खाटेच्या एका बाजूला मी व दुसऱ्या बाजूला तिची आई, अशा दोन लोखंडी खुर्च्यांवर आम्ही नऊ दिवस होतो. आपल्या नमुन्यात आई आणि बाप असे दोनच रकाने आहेत. हे नऊ मुक्काम कोठे लिहावेत ते मला समजत नाही. पण कोणा एकाच्या रकान्यात लिहू नयेत.

येथे एक कबुली देतो. त्या नऊ दिवसांत माझे दुकान बंद होते आणि लाँड्रीही बंद होती. म्हणजे आम्हा दोघांचेही उत्पन्न दहा टक्क्यांनी नव्हे, शंभर टक्क्यांनी घटले. पंधरा दिवसांत कळवायला हवे होते. आठशेच्या बिलासाठी जिने चढणारी आम्ही माणसे, पण हे दोघांपैकी एकालाही आठवले नाही. आज वही मोजताना ध्यानात आले. नियमात याला दंड असेल तर जरूर करावा. मात्र तो उत्पन्नाच्या प्रमाणात न वाटता निम्मा-निम्मा करावा, कारण त्या नऊ दिवसांत आम्हा दोघांकडे अगदी सारखेच होते.

९. सबब विनंती, की उत्पन्न व मुक्काम दोन्ही पूर्ण वर्षाचे धरावेत, पट्टा एकदाच तुटला होता असे मानावे, आणि हिवाळ्यात माझी पोर माझ्याकडे राहू द्यावी. एवढे झाले तर उत्पन्नात पुन्हा कितीही चढउतार झाले तरी मी वर्षातून एकदाच या खिडकीवर येईन, असे लिहून देतो.

आपला नम्र, आणि एक वेळ सोडता वेळेवर कळवणारा,

(सही)
फ्रीज व एसी दुरुस्तीवाला
दिनांक : १९ जानेवारी

मुलीच्या आईचा शेरा : वरील अर्ज वाचला. परिच्छेद ३ मध्ये दोन तास लिहिले आहेत, ते साडेतीन होते, आणि तेरा नंबरचा पाना अजून लाँड्रीतच पडला आहे. परिच्छेद ५ मध्ये सहा अर्ज लिहिले आहेत, ते हा धरून सात. परिच्छेद ८ मध्ये काही दुरुस्ती नाही. विनंती मान्य करावी. (सही) लाँड्रीवाली

सोबत :
१) दोघांच्या बारा महिन्यांच्या पावत्या, पिशवी एक.
२) तुटलेला पट्टा (पुराव्यादाखल).
३) चपलेचा दुसरा पाय.
४) कन्येची वही. ही मूळ प्रत आहे, कृपया आजच परत करावी. संध्याकाळी तिला आजचा फ्रीज काढायचा आहे.