खोडलेला तीन

वडोदरा, ४ ऑगस्ट २००३

ती. कुमुदफोईस, झरणाचा शि. सा. न.

पप्पांची बहीण म्हणून तुलाच गळ घालते. दीर्घ आजारानं माणसाच्या मनाचं काय होतं, यावर माझं संशोधन चाललंय. तुमच्या डायलिसिस वॉर्डातल्या बाराही जणांकडून सोबतचे फॉर्म भरून घेशील का? प्रत्येक वाक्यापुढे आकडा लिहायचा. तसं कधीच वाटत नसेल तर शून्य, रोज वाटत असेल तर तीन. फक्त गणिताच्या बाईंसारखी कुणावर डोळे वटारू नकोस.

लोणच्याला शिवत नसशील, असं धरून चालते. लोभ असू दे.
तुझी झरणा

भावनगर, १३ ऑगस्ट

चि. झरणास, फोईचे आशीर्वाद. दोन्ही हातांनी दिले असते, पण एका हातात सुया टोचल्यात.

फॉर्म पाठवतेय. भाचीची परीक्षा आहे म्हटल्यावर वॉर्डात काय उत्साह! रसिकभाई जिलेबीवाल्यांनी फर्मान काढलं, पोरगी पहिली आली पाहिजे. अब्बासभाईंनी चष्मा नसताना फॉर्म भरला. त्यांनी काय वाचलं ते अल्लालाच ठाऊक!

मी मजेत. लोभ ठेव, मीठ नको.
तुझी कुमुदफोई

वडोदरा, २० ऑगस्ट

ती. फोईस, सा. न.

अगं, काय गोंधळ घातलात! रडू येतं, कशात मन लागत नाही, सगळ्याला अकरा जणांनी तीन! जास्त मार्कांनी मी पास होईन असं वाटलं ना त्यांना? मी पोट धरून हसले.

मग बारावा फॉर्म हातात आला. सगळी शून्यं, तुझ्या वळणदार अक्षरातली. पण उपचार सोडून द्यावेसे वाटतात, या नवव्या वाक्यापुढे तीन लिहून खोडलाय. खोडाखोड केली की तू आमचे मार्क कापायचीस. फोई, मला फार भीती वाटतेय. खरं लिही.

तुझीच,
झरणा

भावनगर, २६ ऑगस्ट

चि. झरणास, आशीर्वाद.

चोंबडी कुठली! मानसशास्त्र शिकलीस की पोलिसात भरती झालीस?

गेल्या सोमवारी मी वॉर्डात गेलेच नाही. घरी खोटं सांगून बोरतळावाच्या काठी बसले आणि उसाचा रस प्यायले, दोन ग्लास. आठवड्यातून तीनदा सुया, घोटभर पाण्याचाही हिशेब, कंटाळले गं मी. बुधवारी श्वास लागला, तेव्हा मुकाट्यानं गेले. डॉक्टर ओरडले, बरंच झालं.

काल सगळ्यांना म्हटलं, झरणाला परीक्षेत मार्क नकोत, खरं हवंय, फॉर्म पुन्हा भरा. बाकीचे हसत तयार झाले. रसिकभाईंनी वाक्यं एकेक करून वाचली, बराच वेळ लावला आणि म्हणाले, आपले तीन तसेच राहू देत.

मी त्यांचा हात धरून बसले. माझाही तीन परत लिही, पेनानं. शुक्रवारी सुया टोचतात तेव्हा शेजारी बस. एकटीनं जायचं धाडस उरलेलं नाही.

लोभ पत्रातून पुरे झाला, तू ये.
कुमुदफोई