तांबटाच्या ठोक्यांवर हरकत

शुक्रवार संध्याकाळ, नाशिक, १९३५

हो हो, आळीतले सगळे अर्ज मीच लिहिले, नाय कशाला म्हणू? ठोक्यांच्या आवाजापायी तांबटांची दुकानं गावाबाहेर न्यायचा नियम येतोय, म्हणून म्युनिसिपालिटीनं लोकांच्या हरकती मागवल्या. आज सुनावणीत साहेब म्हणाला, "बाई, ठोके चालू ठेवा म्हणणारे इतके अर्ज, आन् बंद करा म्हणणारा हा एक बिनसहीचा. अक्षर सारखंच कसं?"

"साहेब, आळीत लिहिणारी एकच!"

सगळे हसले. शेजारचा विठू तांबट हसला नाय. दुकान त्याचं जाणार.

"मावशी, तो बंदचा अर्ज कुणी लिहून घेतला?" बाहेर आल्यावर विठूनं विचारलं.

"ओळख बघू!" म्हटलं.

रोज दिवेलागणीपर्यंत चालणारा त्याचा हातोडा आज गप्प हाय.

तो अर्ज कुणीच नव्हता लिहून घेतला. तो माझाच.