दादाच्या कानातलं नाटक

शुक्रवार, २६ सप्टेंबर
झालं! मोठ्या तोंडाने हो म्हणून बसलो. इथल्या मराठी मंडळाच्या कौमुदीताईंना दिवाळीच्या कार्यक्रमासाठी एकांकिका हवी आहे. "तुमच्या रूमवरचं आयुष्य येऊ द्या," म्हणाल्या. दहा तारखेपर्यंत दिली नाही, तर ती वेळ मुलांच्या डान्सला. गावी लिहिलेली दोन नाटकं पेटीतच राहिली. हे मात्र स्टेजवर यायलाच पाहिजे.

मंगळवार, ३०
खैरानला एका शॅलेत, म्हणजे समुद्रकाठच्या सुट्टीच्या बंगल्यात, एसीचं काम. जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम समुद्रासमोर बसलो. लेखकांना समुद्र बघून सुचतं म्हणे. मला डुलकी लागली. फोरमनने उठवलं.

गुरुवार, २ ऑक्टोबर
सापडलं!! तेही सुलैबियात, आमच्याच खोलीत.

दर शुक्रवारी गणपतीच्या फोटोसमोर तुकारामदादा गाऱ्हाणं घालतो. कणकवलीकडचा सुतार, खोलीत सगळ्यांत थोरला. तो एकेकाचं मागणं देवाला सांगतो, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणून ओरडतो. पण खरं मागणं आदल्या संध्याकाळी ज्याने त्याने दादाच्या कानात सांगितलेलं असतं. देवासमोर दादा ते झाकून मांडतो. आज मी चादर ओढून झोपेचं सोंग घेतलं आणि सगळं ऐकलं. राहुलसाठी दादा मागतो ती "तब्येत" म्हणजे त्याच्या प्राचीच्या वडिलांचा लग्नाला होकार! जयदीपला वाटतं कंपनीने व्हिसा रिन्यूच करू नये — पण घरी सांगायची छाती नाही.

जेवायच्या आधी अर्धं नाटक लिहून झालं. नावं तेवढी बदलली.

रविवार, ५
दादाला वाचून दाखवलं. आधी खो खो हसला. मग कोण कोण ते ओळखलं.
"ता देवाक सांगलेलां, शैलेश. मंडळाक नाय."
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवार, ६
कागद फाडले. नाचू देत मुलं.

मंगळवार, ७
राहवेना. बांगडे तळताना सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकलं. राहुलने झारा उगारला, जयदीप तोंड फिरवून बसला. मग हळूच, "नाटकात माझं काम कोण करणार?" अशी राहुलची चौकशी! दुसऱ्याने केलेलं त्याला चालणार नाही. जयदीपची अट वेगळी — नाटकात तरी त्याने बायकोला फोन करून खरं सांगायचं. घातलं! दादाही विरघळला. त्याच्या बायकोचा, द्वारकावहिनीचा, गावाहून येणारा फोनसुद्धा घाल म्हणाला. वहिनीचं काम मंडळातली कुणी बाई करेल.

गुरुवार, ९
पुन्हा पहिल्यापासून लिहून संपलं. बोटं दुखतात. फार बरं वाटतंय.

शुक्रवार, १०
सकाळी नाटक कौमुदीताईंकडे पोचतं केलं. संध्याकाळी गाऱ्हाणं. दादाचं सगळ्यांसाठी मागून झालं. स्वतःसाठी तो कधीच काही मागत नाही. आज थांबला, घसा खाकरला —
"आणि म्हाराजा, नाटकात द्वारकेचां काम माका गावांदे. इतकी वर्सां फोनार आयकान आयकान तिचां सगळां बोलणां माका पाठ झालां."
 "व्हय म्हाराजा" असे ओरडलो की शेजारच्या खोलीतला तल्हा काय झालं बघायला धावत आला.