दुपारी झोपलेल्यांचं पान

५ एप्रिल १९९९, सांगली

पोहोचले एकदाची! फलटणहून निघालेली एसटी वाटेत दोनदा बंद पडली, कंडक्टरशी कडाक्याचं भांडण झालं, तरी आज मन खूश आहे. दादासोंच्या दैनिकात नोकरी. सदराचं नाव 'इंटरनेटच्या गमती'. जगभरातली विचित्र, हसवणारी पानं शोधायची आणि त्यांचे पत्ते छापायचे. ऑफिसात कॉम्प्युटर एकच, फोनच्या वायरला जोडलेला. एक चित्र उघडेपर्यंत अख्खा चहा पिऊन होतो. दादासो मालकही आणि संपादकही. म्हणाले, नूरीन, तू लोकांना हसव, रडवायला बातम्या हायतच.

खोली शालूबाईंकडे मिळाली. बाई एकट्या राहतात, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी आमचं पाण्यावरून वाजलं, आणि रात्री त्यांनीच गरम भाकरी आणून दिली.

९ एप्रिल

सदरात पहिलं छापलेलं कुरूप चपलांचं पान लोकांना लय आवडलं म्हणे. आज त्याहून भारी सापडलं. एका पानावर नुसते दुपारी झोपलेल्या माणसांचे फोटो. न्हावी आपल्याच खुर्चीत, नवरी स्टेजवर, पोलीस तोंड उघडं टाकून. कुणी काढले, कुठे काढले, काही लिहिलेलं नाही. आमचा शिपाई आकाराम पोट धरधरून हसला. त्याची स्वतःची दुपार रद्दीच्या गठ्ठ्यांवर जाते.

पत्ता छापायला दिला. शिरवळला रिजवानलाही फोन केला. माझा धाकटा भाऊ, तिथल्या कारखान्यात रात्रपाळी करतो आणि दुपारभर घोरतो. म्हटलं, बघ, तुझ्याच पंथातली माणसं आहेत.

१३ एप्रिल

त्या पानावर सगळ्यात वर आज आकाराम!

गठ्ठे आमचे, मागची भिंत आमची, आणि गठ्ठ्यांवर आकाराम गाढ झोपलेला, गळ्यात झेंडूचा हार. सगळे माझ्यावरच आले, की तूच पाठवलास. मी कशाला पाठवू? कॅमेरा कुठाय माझ्याकडे? कुणी ऐकूनच घेईना. आकाराम शपथेवर सांगत होता, आपल्या गळ्यात लग्नानंतर कुणी हार घातलेला न्हाई. त्यावर दादासोंना जोर चढला. सांगलीचा माणूस जगात झळकला, मग आपणच हार घालू की गड्या, म्हणाले.

१५ एप्रिल

सत्कार झाला. हार, शाल, नारळ, दादासोंचं लांबलचक भाषण. आकारामची बायको धोंडुबाई पेढे वाटत होती. गल्लीच्या गल्ली ते पान बघून गेली, शालूबाईसुद्धा.

जेवून आकाराम हारासकट गठ्ठ्यांवर लवंडला. डावा हात पोटाखाली, तोंड भिंतीकडे. अगदी फोटोतल्यासारखा.

तो उठला नाही. पाणी मारलं, कांदा हुंगवला. श्वास चालू आहे, पण माणूस उठत नाही. मिरजेला नेलाय.

१९ एप्रिल

डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, फक्त झोप आहे. फक्त! धोंडुबाई उशाशी बसून त्याला शिव्या घालते आणि रडते.

दादासोंना म्हटलं, उद्याच्या अंकात छापा, ते पान उघडू नका. लय डोकं चालवू नगं, म्हणाले, खप वाढलाय. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. लोक आता केस विंचरून येतात आणि विचारतात, आवं ताई, आमचा फोटू कवा येणार?

मला झोपायची भीती वाटते.

२१ एप्रिल

आज पानावर सगळ्यात वर शालूबाई. भिंतीला टेकलेल्या, मांडीवर सूप, मान कललेली.

पळत घरी आले. सूप हिसकावून माळ्यावर फेकलं. पाया पडले, म्हटलं, आवं झोपू नका, तेवढं ऐका. त्या खवळल्या. भर एप्रिलात दुपारचं कोण जागं राहतं गं भवाने, म्हणाल्या. जीव तोडून सांगितलं. त्या मला वेडी म्हणाल्या.

दादासोंना हाताला धरून आणायला गेले. आले नाहीत. जाहिरातीचं गिऱ्हाईक बसलंय म्हणे.

परत आले तर शालूबाईंनी शेजारचं सूप मागून आणलेलं. मांडीवर होतं. मान—

२२ एप्रिल

त्याही मिरजेला. मला भाकरी देणारी बाई!

दादासो विशेष पुरवणी काढणार. 'झोपेत जगप्रसिद्ध'. मी पुरवणीचे कागद त्यांच्या तोंडावर फेकले. माणसं जातायत आणि तुम्हाला खप दिसतो, मुडदा बशिवला तुमच्या खपाचा. त्यांनी मला कामावरून काढलं. खुशाल काढा.

जाता जाता ती वायर उपटायला कॉम्प्युटरपाशी गेले. पान उघडंच होतं. सगळ्यात वर—

लोखंडी कॉट. निळी चौकड्यांची चादर, डोक्यावरून ओढलेली. ती चादर मीच घेऊन दिलीये. शिरवळची खोली.

रिजवान.

छापून घेतलं. वायर उपटली. कारखान्यात फोन लागत नाही. स्टँडवर आहे.

२३ एप्रिल, शिरवळ

जागा आहे! दार त्यानेच उघडलं. आधी कानाखाली दिली, मग गळ्यात पडून रडले. तो हसतोय, म्हणे आपा, तुला झालंय काय.

रजा टाकायला लावली. झोपलास तर जीव घेईन म्हटलं. मिरच्या चावतोय बिचारा, डोळ्यांतून पाणी, पण जागा आहे.

मला म्हणतो, तूच पड जरा, अंग तापलंय तुझं. ओरडले त्याच्यावर.

दुपार

थंडी वाजतेय. एप्रिलात. त्याने कॉटवर बसवलं, चादर अंगावर टाकली. खाली चहा आणायला गेलाय.

छापून आणलेला फोटो पुन्हा बघितला. चादरीबाहेर एक पाय आहे. घोट्यावर भाजल्याचा डाग. सायलेन्सरचा.

रिजवानला असला डाग नाही—

मला आहे.

म्हणजे तो नाहीच! गाढव वाचला. या अल्लाह, वाचला तो.

चादर फेकून दिली. उभी राहिले. पाय— बसले परत. चादर पुन्हा अंगावर कशी? मी नाही घेतली. मी नाही

रिजवान, आलास की मला मार, चटके दे, काहीही कर. नाहीच उठले तर बघायला कुणाला बोलवू नकोस. आणि त्या दादासोला दारात उभा करू नकोस. इतका राग आलाय त्याचा की मला झोप येणंच शक्य नाही, हे बघ, लिहितेय, अजून लिहितेय, अजून लि